इन्स्पेक्टर नेमकं काय शोधत होता? प्लेगनंतरच्या मुंबईतल्या आरोग्य-तपासणीची गोष्ट

प्लेग म्हटलं की आपल्याला पुण्याचा रँड आठवतो, चाफेकर बंधू आठवतात, बूट घालून देवघरापर्यंत शिरणारे गोरे शिपाई आठवतात. ते विसरण्यासारखं नाहीच. पण २२ जून १८९७ च्या गणेशखिंडीतल्या गोळीबारानंतर प्लेग गेला नाही. पुढची कितीतरी वर्षं हिवाळा सरता सरता तो परतत राहिला आणि हिंदुस्थानात त्यानं एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्या वर्षांत शिपायाच्या जागी दारात उभा राहू लागला तो नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर. मोरी बघणारा, संडास बघणारा, दुधाच्या किटलीत नळी बुडवणारा, नोटीस चिकटवून जाणारा. इतिहासात त्याला फारशी जागा मिळालेली नाही. पण शहरात माणसं जगतात कशी आणि मरतात कशी, हे समजून घ्यायचं तर त्याच्या मागून एकदा फिरायला हवं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रोग कशानं होतो याबद्दल तपासणाऱ्याच्या डोक्यात जी समजूत असते, तेवढंच त्याला दिसतं. समजूत चुकीची असेल तर अत्यंत मेहनतीनं केलेली तपासणीही निरुपयोगी ठरते, कधी कधी घातकही. १८९६ ते १९११ या पंधरा वर्षांत मुंबईत ही समजूत मुळापासून बदलली, आणि तिच्याबरोबर इन्स्पेक्टरचं कामही.

वासाच्या मागे

२३ सप्टेंबर १८९६ ला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रोगी असल्याचं जाहीर केलं. प्लेगचा जंतू तोवर सापडलेला होता. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी तो ओळखला होता. पण जंतू माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग डॉक्टरांनी आपली जुनी समजूत त्या नव्या जंतूला जोडून टाकली: घाण, ओल, कोंदट हवा आणि दुर्गंधी यांतून रोग होतो, तेव्हा हा जंतूही तिथंच वाढत असणार.

त्या हिशेबानं पाहिलं तर महापालिका आयुक्त स्नो यांनी जे केलं ते अगदी तर्काला धरून होतं. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक हे जंतुनाशक सोडलं. चाळींना चुना फासला. ऊन आत यावं म्हणून छपरावरची कौलं काढली, मातीच्या जमिनी खणून काढल्या. ज्या खोल्या राहण्यालायक वाटल्या नाहीत त्यांच्या दारावर इंग्रजीत 'यू. एच. एच.' अशी अक्षरं रंगवली, म्हणजे मनुष्यवस्तीस अयोग्य. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला आणि या सगळ्याला सक्तीचं बळ मिळालं.

आता मांडवी डोळ्यांपुढे आणा. बंदराजवळची वस्ती, खाली धान्याच्या वखारी, वर माणसं. गटारांत उंदीर, वखारीत उंदीर, छपरात उंदीर. गटारात पाण्याचा लोंढा आणि कार्बोलिक आल्यावर तिथले उंदीर वर सरकणार, घरांत शिरणार. सफाईच्या या मोहिमेनं रोगाला घराघरांत पोहोचायला मदतच केली असावी, असं पुढे अनेकांचं मत झालं. तोवर जवळजवळ निम्मं शहर गावाकडे पळालं होतं, आणि प्लेग त्यांच्याबरोबर बोटीनं, रेल्वेनं बाहेर पडला होता.

घरात उंदीर पडला

गावोगावच्या लोकांना मात्र एक खूण सरकारच्या आधी समजली होती. घरात उंदीर पडला, म्हणजे आपोआप मरून पडलेला सापडला, की बोचकं बांधायचं आणि शेतातल्या झोपडीत मुक्काम हलवायचा. कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या तोंडून 'प्लेगच्या झोपड्यां'च्या आठवणी आल्या असतील, त्या याच. कारण माहीत नव्हतं, पण उपाय बरोबर होता.

कारण हळूहळू सापडलं. १८९८ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी कराचीत पिसवांवर बोट ठेवलं, पण त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मुंबईत डॉक्टर ग्लेन लिस्टन यांनी तो धागा पकडला. उंदीर मेलेल्या चाळीत त्यांनी गिनीपिग मोकळे सोडले, आणि थोड्याच वेळात त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा जमा झालेल्या सापडल्या. १९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोगानं परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या जागी, काम सुरू केलं आणि शंकेला जागा ठेवली नाही.

त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो कुणालाही समजेल. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिग ठेवायचे. काही जमिनीवर मोकळे, काही जमिनीपासून दोन इंच उंच टांगलेल्या पिंजऱ्यात, काही दोन फूट उंच. हवा सगळ्यांना तीच, वास तोच, ओल तीच. जमिनीवरचे मेले, दोन इंचांवरच्यालाही लागण झाली, दोन फुटांवरचा वाचला. पिसू उडी मारते ती काही इंचांची. हवेतून रोग येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडणार होता? शतकानुशतकं मानलेली दुर्गंधीची समजूत त्या टांगलेल्या पिंजऱ्यानं संपवली.

दुसरं काम याहून कष्टाचं होतं. शहरभरातून जिवंत पकडलेले आणि मेलेले उंदीर रोज परळला यायचे. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली असे: कुठल्या वस्तीत, कुठल्या जागी सापडला. मग टेबलावर पोट फाडून बघायचं. प्लेगनं मेलेल्या उंदराला गाठ बहुधा मानेत असते, आणि यकृतावर बारीक ठिपके दिसतात. मानेतच का? कारण उंदराला अंग चाटता येतं, मान चाटता येत नाही, म्हणून पिसवा तिथं निवांत बसतात. माणसाला गाठ बहुतेक वेळा जांघेत येते, कारण पिसू चावते ती पायाला. अनवाणी चालणाऱ्यांच्या शहरात ही गोष्ट किती महत्त्वाची, ते सांगायला नको.

या हजारो उंदरांच्या नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा एक क्रम दिसला. मुंबईत दोन जातींचे उंदीर. एक गटारातला, मोठा, तपकिरी. दुसरा घरातला, काळा, छपरात आणि अडगळीत राहणारा, माणसाला जवळ. साथ आधी गटारातल्या उंदरांत येई. साधारण दहा दिवसांनी घरातले मरू लागत. त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसं. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं, पिसवा ते सोडून दुसरा उंदीर शोधतात, आणि उंदीर संपले की माणूस.

इन्स्पेक्टरसाठी याचा अर्थ सरळ होता. आता त्याच्या हातात वेळ आली. मेलेला उंदीर कुठे सापडला हे रोज कळलं, तर माणसं आजारी पडण्याआधी ती चाळ रिकामी करता येते, लोकांना हाफकिनची लस टोचून घ्यायला सांगता येतं. (वाल्देमार हाफकिन यांनी ती जानेवारी १८९७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार करून आधी स्वतःला टोचली होती.) नाकाचं काम कमी झालं, पिंजरे, चिठ्ठ्या आणि बिळं बुजवणं वाढलं.

वॉर्डातला माणूस आणि त्याच्या खालची माणसं

हे काम चालायचं ते १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यावर. वर कार्यकारी आरोग्य अधिकारी, त्याच्या खाली सहायक, मग वॉर्डावॉर्डांतले इन्स्पेक्टर, मग मुकादम, मग बिगारी आणि झाडूवाले. १९०१ पासून पुढची बरीच वर्षं आरोग्य अधिकारी होते डॉ. जॉन अँड्र्यू टर्नर. इन्स्पेक्टरचा अधिकार ऐकायला मोठा वाटतो: दिवसा कुठल्याही जागेत शिरून पाहणं, उपद्रव दिसला तर नोटीस देणं. पण नोटिशीला मुदत असते, मुदत संपली तर मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागतं, तिथं दंड होतो, आणि दंड भरून मोरी आहे तशीच राहू शकते. महापालिकेला मतदान करणारे करदाते, आणि करदात्यांत घरमालकांचं वजन. खोलीत कोंबलेल्या भाडेकऱ्याला दटावणं सोपं होतं, त्या खोल्या बांधणाऱ्याला हात लावणं कठीण. ही त्या व्यवस्थेची मोठी उणीव होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सगळा डोलारा उभा होता तो सर्वांत खालच्या पायरीवर. बहुतेक चाळींना टोपलीचे संडास होते. टोपली रोज हातानं काढून न्यावी लागे. कायद्यात या कामगारांसाठी शब्द होता हलालखोर, आणि त्या कामासाठी घरमालकांकडून हलालखोर कर घेत. प्लेगच्या पहिल्या वर्षी स्नो यांना सर्वांत जास्त भीती होती ती याचीच: हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही. सक्तीचे उपाय सौम्य करताना त्यांनी हा विचार केला होता. ज्यांना शिवायलाही लोक तयार नव्हते त्यांच्यावाचून शहर एक आठवडा चाललं नसतं, हे प्रशासनाला पक्कं माहीत होतं. तरी त्यांचा पगार, त्यांची घरं, त्यांचा मान यांत त्या जाणिवेनं काही फरक पडला नाही. या गोष्टीचा राग आजही यायला हवा.

टोपली काढायला दोन चाळींच्या पाठी एकमेकींकडे करून मधे अरुंद बोळ ठेवत. मुंबईकर त्याला घरगल्ली म्हणतात. वरच्या मजल्यांवरून त्यातच केर पडे, सांडपाणी पडे. म्हणून मागच्या खिडक्या कायम बंद. म्हणून खोलीत उजेड नाही, वारा नाही, आणि क्षयाला मोकळं रान. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी या बोळासाठी एक नियम धरून लावला: साडेत्रेसष्ट अंशांचा. ऐकायला अवघड, पण अर्थ असा की समोर मोकळी जागा जितकी रुंद, त्याच्या दुपटीहून भिंत उंच नसावी. दहा फूट मोकळे तर वीस फूट उंची. एवढं पाळलं तर तळमजल्याच्या खोलीत आकाशाचा एक तुकडा दिसतो. ट्रस्टनं नागपाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड या भागांत जुन्या वस्त्या पाडून रस्ते काढले, पण हललेली माणसं शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली गर्दी वाढली.

दूध आणि मरणाची वही

दुधाची तपासणी लोकांच्या रोजच्या ओळखीची. लॅक्टोमीटर दुधात सोडायचा, तो किती बुडतो ते बघायचं. पाणी मिसळलं की तो जास्त बुडतो. पण गवळ्याला एक युक्ती ठाऊक होती. आधी साय काढायची. साय हलकी असते, ती काढली की उरलेलं दूध जड होतं. मग त्यात पाणी घातलं की आकडा परत जागेवर. म्हणजे सायही गेली, पाणीही आलं, आणि नळी म्हणते दूध चोख. म्हणून स्निग्धांश वेगळा मोजणारी प्रयोगशाळा लागली. महापालिकेचे विश्लेषक डॉ. लेम्युएल लुकस जोशी यांनी मुंबईच्या दुधावर बारकाईनं काम केलं ते याच काळात.

मृत्यूंची नोंद हे इन्स्पेक्टरच्या खात्याचं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम. माणूस कशानं मेला हे बहुतेक वेळा डॉक्टर सांगत नव्हता, स्मशानापर्यंत आलेले नातेवाईक सांगत. प्लेग सांगितला तर घर रिकामं करावं लागणार, म्हणून 'ताप' सांगितला जाई. त्यामुळे तापानं मेलेल्यांचा आकडा अचानक फुगला की जाणकार अधिकारी प्लेगची शंका घेत.

आकडे वाचताना काय काळजी घ्यायची, याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. १९२१ मध्ये मुंबईत एका खोलीच्या बिऱ्हाडांत दर हजार जन्मांमागे ८२८ अर्भकं दगावली, अशी नोंद आहे. वाचून अंगावर काटा येतो. पण हा भागाकार कसा केला ते बघा. वर मुंबईत झालेले मृत्यू, खाली मुंबईत नोंदलेले जन्म. कोकणातल्या, देशावरच्या बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म तिकडे व्हायचा आणि मुंबईच्या वहीत येत नसे. चार महिन्यांचं बाळ घेऊन आई चाळीत परतली आणि ते गेलं, तर मृत्यू मात्र इथं लिहिला जाई. शिवाय कितीतरी जन्म नोंदलेच जात नसत. म्हणजे खरं प्रमाण ८२८ पेक्षा कमीच होतं. पण त्याच हिशेबानं चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत हा आकडा १३३ च्या आसपास होता. नोंदीतले दोष वजा केले तरी एवढी दरी भरून निघत नाही. पुरुष इन्स्पेक्टरला बाळंतिणीच्या खोलीत जाता येत नव्हतं, म्हणून पुढे महापालिकेनं स्त्रिया नेमल्या. गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन झोपवून जातात, हे अशा घरभेटींतून नीट समजलं. दोष आईचा म्हणावा तर पाळणाघर नव्हतं, आणि पगार बुडवून घरी बसणं परवडणारं नव्हतं.

१९१८ मध्ये मात्र ही सगळी यंत्रणा हतबल झाली. जूनमध्ये गोदीच्या बाजूनं इन्फ्लुएन्झा आला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. उंदीर नव्हता, पिसू नव्हती, मोरी नव्हती. इन्स्पेक्टरला शोधण्यासारखं काहीच समोर नव्हतं, आणि नोटीस द्यायला कुणी नव्हतं.

विहिरीतला डास

मलेरियाची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती अजून चालू आहे.

१९०१ मध्ये ग्लेन लिस्टन, हो, तेच पिसवांवाले, वऱ्हाडात एलिचपूरला म्हणजे आजच्या अचलपूरला होते. तिथं त्यांनी डासांची एक जात नोंदवली: ॲनॉफिलीस स्टीफेन्सी. पुढे मुंबईच्या फोर्ट आणि गोदीच्या भागात हिवतापानं थैमान घातलं तेव्हा सरकारनं डॉक्टर चार्ल्स बेंटली यांना तपासाला पाठवलं. १९११ मध्ये त्यांचा अहवाल आला. सगळ्यांना वाटत होतं डास दलदलीत, गटारात होतात. बेंटली यांनी दाखवलं की मुंबईचा हिवताप पसरवणारा डास हाच, आणि तो वाढतो स्वच्छ पाण्यात: घरातल्या विहिरीत, गच्चीवरच्या टाकीत, बागेतल्या हौदात. म्हणजे आतापर्यंत इन्स्पेक्टर ज्याला 'उत्तम' असा शेरा देत होता, त्याच पाण्यात.

विहिरी बुजवा किंवा पक्क्या झाका, असा हुकूम निघाला आणि शहर पेटलं. विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हतं. पारशांना धर्मकृत्यांसाठी आकाशाखालचं पाणी लागे. चर्चगेटजवळची १७२५ मधली भिखा बेहराम विहीर त्यांना आजही पवित्र आहे. हिंदूंनाही पूजेला, सोवळ्याला विहिरीचंच पाणी हवं, नळाचं चालत नसे. आणि घरमालकांना तर फुकटचं पाणी जाणार याचं दुःख. वर्तमानपत्रांत वाद झाले, अर्ज गेले. शेवटी धार्मिक कामाच्या विहिरींना पूर्ण झाकणाऐवजी बारीक तारेच्या जाळीचं उघडझाप करता येणारं दार चालेल, अशी सवलत मिळाली. ऊन आत जातं, बादली जाते, डास जात नाही. पुण्यात १८९७ मध्ये असं बोलणं झालं असतं तर, असं वाटल्यावाचून राहत नाही.

या कामात इन्स्पेक्टरला कॅलेंडरही बदलावं लागलं. मुंबईच्या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून प्रत्येक टाकी, प्रत्येक हौद आठवड्यातून एकदा बघायलाच हवा. दहा दिवसांनी गेलात तर अळ्या उडून गेलेल्या असतात. टाकीला घट्ट झाकण आणि वर चढायला पक्की शिडी हे नियम इथूनच रुजले, कारण ज्या टाकीपर्यंत पोहोचताच येत नाही ती कुणी तपासत नाही. १८८८ च्याच कायद्याच्या कलम ३८१ खाली महापालिका डासांच्या जागांसाठी अजूनही नोटिसा काढते.

अचलपूरला नोंदलेला हा डास आता आफ्रिकेत पोहोचला आहे. २०१२ मध्ये तो जिबूतीत सापडला, २०१६ मध्ये इथिओपियात. आफ्रिकेतला जुना हिवताप मुख्यतः खेड्यांचा होता. स्टीफेन्सी शहरात, पिंपात आणि टाकीत राहतो, त्यामुळे तिथली शहरं धोक्यात आली आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला रोखण्यासाठी वेगळी मोहीम हाती घेतली. त्या मोहिमेच्या कामांत एक काम आहे पाण्याच्या टाक्या, पिंपं आणि विहिरी शोधून त्यांत अळ्या आहेत का ते पाहण्याचं.